तुमच्यावाचून अडतं, म्हणूनच तुमचं अडलंय

प्रश्न: एकाच कंपनीत सहा वर्षं आहे. दर महिन्याचा विक्री आणि थकबाकीचा अहवाल मीच करते, सगळे विभाग त्यावर चालतात. गेल्या दोन्ही अप्रेझलमध्ये रेटिंग चांगलं मिळालं, प्रमोशन मात्र दोन्ही वेळा हुकलं. मॅनेजर म्हणतात, 'व्हिजिबिलिटी वाढवा', आणि पुढच्याच वाक्यात म्हणतात, 'पण तुमच्याशिवाय हे काम कोण करणार?' माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेला सहकारी पुढे गेला. आता सकाळी लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. बाहेरून २० टक्के जास्त पगाराची ऑफर आहे, दहा दिवसांत कळवायचंय. त्यात कंपनीचा एंगेजमेंट सर्व्हे, म्हणजे कर्मचाऱ्यांचं कामात मन किती आहे ते विचारणारी प्रश्नावली आलीय, शुक्रवारपर्यंत भरायचीय. त्यात खरं लिहू का? की सरळ राजीनामा देऊन मोकळी होऊ?
– अडकलेली

उत्तर: राजीनाम्याचा निर्णय दहाव्या दिवशी घ्या, आज नको. तुमच्या पत्रात दोन निराळी दुखणी एकाच पुडीत बांधलेली आहेत. एक, प्रमोशन अडलंय. दुसरं, कामातून मन उडालंय. दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि नुसती २० टक्के पगारवाढ त्यातल्या एकालाही लागू पडणारी नाही.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे अजूनही कामाला येते. पगार, कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो; पण ती सुधारली म्हणून तो कामात रमतोच असं नाही. रमवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: जमलेलं काम, त्याची कुणीतरी घेतलेली दखल, जबाबदारी, पुढची पायरी. वाढलेल्या पगाराने वैताग कमी होईल, तोही काही महिने. नव्या आकड्याची सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत.

आधी प्रमोशनचं बघू. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

रेटिंग आणि प्रमोशन हे दोन वेगळे निर्णय आहेत. रेटिंग मागचं वर्ष बघतं: आहे त्या ग्रेडचं काम नीट झालं का? प्रमोशन देताना बघतात की वरच्या ग्रेडचं काम ही व्यक्ती आत्ताच करताना दिसतेय का, आणि तेवढं बजेट आहे का. त्यामुळे 'रेटिंग उत्तम, प्रमोशन नाही' यात कंपनीला काहीच विसंगत वाटत नाही. तुम्ही दोन वर्षं पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिकाधिक चांगलं देत राहिलात, दुसरा प्रश्न तसाच पडून राहिला.

हा निर्णय होतो तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसता. मोठ्या कंपन्यांत या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. चार-सहा मॅनेजर, एचआरचं कुणीतरी, समोर नावांची यादी, आणि एका नावाला मिळणारी मोजकी मिनिटं. तुमचे मॅनेजर तुमचं नाव घेतात आणि समोरून दोन प्रश्न येतात. 'यांचं काम तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिलंय का?' आणि 'यांना वर घेतलं तर सध्याचं काम कोण बघणार?' पहिल्या प्रश्नावर सगळे गप्प राहिले आणि दुसऱ्यावर तुमचेच मॅनेजर अडखळले, की यादीतलं पुढचं नाव. 'व्हिजिबिलिटी वाढवा' हा पहिला प्रश्न आहे, 'तुमच्याशिवाय कोण करणार' हा दुसरा. खोलीत काय झालं ते मॅनेजरांनी तुम्हाला सांगूनच टाकलंय, फक्त कोड्यात. छोट्या कंपनीत अशी बैठक नसते, मालक एकटाच ठरवतो. पण त्याच्याही डोक्यात हेच दोन प्रश्न असतात.

सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म वाचून प्रमोशन ठरतं असा एक समज आहे. बऱ्याच ठिकाणी नावं त्याआधीच वर गेलेली असतात, आणि मग फॉर्ममध्ये दोन पानं भरणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून एचआरला एक साधा मेल टाका: 'या वेळी प्रमोशनसाठीची नावं मॅनेजरांकडून कधीपर्यंत मागवली जातात? आणि माझ्या ग्रेडवरून पुढे जायला रिक्त जागा लागते, की तयारी पुरेशी असते?' हा दुसरा भाग विसरू नका. काही ग्रेडपर्यंत कौशल्य दाखवलं की पुढे नेतात. त्यापुढे जागाच रिकामी व्हावी लागते. तुमच्या वरची जागा पुढची दोन-तीन वर्षं रिकामी होणार नसेल, तर तुम्ही कितीही चमकलात तरी इथे गाडी पुढे सरकणार नाही; मग दुसऱ्या विभागात अंतर्गत बदली किंवा बाहेरची नोकरी एवढेच रस्ते उरतात. हे आधी कळलेलं बरं.

आता 'माझ्यावाचून अडतं' हा फास सोडवायचा. इथे क्रम चुकला तर नुकसान होतं. अहवाल दुसऱ्याला शिकवून टाकलात आणि पुढचं काम हातात आलंच नाही, तर तुम्ही रिकाम्या हाताच्या ठराल. कपातीच्या वेळी अशी नावं आधी दिसतात. ही भीती खोटी नाही. म्हणून आधी मॅनेजरांशी पुढचं काम ठरवा आणि मगच हातातलं द्यायला सुरुवात करा.

त्यासाठी मॅनेजरांकडून वेगळी ४५ मिनिटं मागून घ्या. नेहमीच्या आठवड्याच्या वन-ऑन-वनमध्ये हा विषय कोंबू नका, तिथे डेडलाइन त्याला गिळून टाकतात. आधीच कळवा: 'पुढच्या ग्रेडच्या तयारीबद्दल बोलायचं आहे.' म्हणजे तेही काही विचार करून येतील. बैठकीत 'मला का नाही मिळालं?' असं विचारलंत तर ते बचावाला उतरतील. त्या सहकाऱ्याचं नाव काढलंत तर उरलेला वेळ त्याच्याबद्दल बोलण्यात जाईल. विचारा ते हे: 'वरच्या ग्रेडचं कोणतं काम माझ्याकडून अजून दिसलेलं नाही?' उत्तर पुन्हा 'व्हिजिबिलिटी' आलं तर सोडू नका: 'कुणाला दिसायला हवं? कोणत्या कामात?' दोन माणसांची नावं आणि एका कामाचं नाव मिळेपर्यंत हा प्रश्न शांतपणे, वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहा. बहुतेक मॅनेजर टाळाटाळ करत नसतात, त्यांनी इतका नेमका विचारच केलेला नसतो.

आणि बैठक झाली त्याच दिवशी सात-आठ ओळींचा मेल:

'आज बोलल्याप्रमाणे नोंद करते. १) पुढच्या ग्रेडसाठी दोन गोष्टी दिसायला हव्यात: एकापेक्षा जास्त विभागांचं काम मार्गी लावणं आणि कुणाला तरी तयार करणं. २) थकबाकीच्या आकड्यांवरून विक्री आणि वसुली विभागांत दर महिन्याला होणारा वाद मिटवण्याचं काम मी हाती घेते. ३) मासिक अहवाल चार महिन्यांत दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाईल, त्यांच्या केआरएमध्ये (कामाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत) त्याची नोंद तुम्ही कराल. ४) सहा आठवड्यांनी आपण पुन्हा बसू. काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.'

या मेलमधला तिसरा मुद्दा कळीचा आहे. शिकणाऱ्याच्या उद्दिष्टांत ते काम लिहिलेलं नसेल, तर तो तुमच्यावर उपकार म्हणून शिकतो आणि पहिल्या गडबडीत 'या महिन्यात तुम्हीच करा ना' म्हणून हात वर करतो. मेलला आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर एकदाच आठवण करा. त्यानंतरची शांतता हेही उत्तरच आहे, त्याची नोंद ठेवा.

अहवाल सोपवायला चार महिने लागतात, कारण तो महिन्यातून एकदाच होतो. पहिल्या महिन्यात फक्त लिहा, तेही काम करता करता. सवडीने, आठवून लिहिलंत तर नेमकं हवं तेच निसटतं. एका विभागाच्या फाइलमध्ये तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर असतो, म्हणून तो रकाना तुम्ही न बोलता उलटा करून घेता. कुणीतरी दर वेळी एकूण बेरजेची ओळही पाठवतं आणि ती न काढल्यास आकडा दुप्पट होतो. तुमच्या हाताला हे माहीत आहे, आठवणीला नाही. प्रत्येक पायरीला पाच गोष्टी लिहा: काय करायचं, माहिती कुणाकडून येते, कधीपर्यंत, काय चुकतं, चुकल्यावर काय करायचं. शेवटच्या दोन रकान्यांतच तुमची सहा वर्षं आहेत. 'फाइल उघडा, पिव्होट रिफ्रेश करा' एवढंच लिहिलेली कागदपत्रं कुणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

दुसऱ्या महिन्यात कीबोर्ड सहकाऱ्याकडे, तुम्ही शेजारी, हात मांडीवर. तिसऱ्यात त्याने एकट्याने करायचं आणि तुम्ही शेवटी तीनच गोष्टी तपासायच्या: एकूण बेरीज हिशेबाच्या वह्यांशी जुळते का, मागच्या महिन्याची अखेर बाकी या महिन्याची सुरुवात झाली आहे का, आणि कुठला ग्राहक दोनदा तर आला नाही. चौथ्या महिन्यात अहवालाच्या दिवसांतच रजा घ्या. खरी रजा, लॅपटॉप घरी उघडून ठेवलेली नव्हे. त्या रजेत अहवाल वेळेवर गेला की 'कोण करणार' या प्रश्नाला मॅनेजरांकडे नाव असतं.

हे सगळं कोसळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या महिन्यात, आणि तेही शिकवणाऱ्याकडून. सहकारी अडखळतो, घड्याळात सहा वाजलेले असतात, आणि तोंडून निघतं, 'दे, मीच करते.' तिथे शिकवणी संपते. उशीर होणारच हे गृहीत धरून त्या महिन्यात सगळ्यांना एक दिवस पुढची तारीख आधीच सांगून ठेवा.

काम हलवायच्या आधी आजची स्थिती मोजून ठेवायला विसरू नका. अहवाल कितव्या तारखेला जातो, हाताने किती दुरुस्त्या होतात, गेल्यानंतर किती जण 'हा आकडा चुकलाय' म्हणून मेल करतात. लोक सुधारणा करतात आणि मग आधी काय होतं ते त्यांनाच सांगता येत नाही. हे आकडे लागतात ते एका पानासाठी, जे मॅनेजर त्या खोलीत घेऊन जाणार आहेत. त्यात पाचच नोंदी. वीस लिहिल्या तर एकही वाचली जात नाही. 'रिपोर्टिंग प्रक्रियेत सुधारणा केली' हे वाक्य कुणीही कुणाबद्दलही लिहू शकतं. त्याऐवजी: 'मासिक अहवाल ६ तारखेऐवजी ४ तारखेला जातो, हाताने करायच्या दुरुस्त्या ३० वरून ८ वर आल्या, काम आता दोघांना येतं, वसुली विभागप्रमुखांना विचारता येईल.' (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.) शेवटचा तुकडा म्हणजे पहिल्या प्रश्नाची तजवीज. दर शुक्रवारी दहा मिनिटं या नोंदींसाठी ठेवा, कारण मूल्यमापन करणाऱ्याला शेवटचे दोन-तीन महिनेच ठळक आठवतात. यात लबाडी नाही, स्मरणशक्तीच तशी चालते.

पुढे गेलेल्या सहकाऱ्याबद्दल एवढंच: त्याला किती वर्षं झाली ते सोडा, त्याने कोणत्या दोन विभागांमधलं काम केलं होतं ते बघा. बहुधा उत्तर तिथे सापडेल. नाही सापडलं, आणि कारण निव्वळ मर्जी असल्याचं दिसलं, तर त्या मर्जीशी स्पर्धा करत बसू नका.

आता दुसरं दुखणं. 'एंगेजमेंट' हा शब्द हल्ली खेळ, स्पर्धा आणि टी-शर्ट वाटण्यापुरता उरलाय. संशोधक विल्यम कान यांनी १९९० मध्ये उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतली माणसं अभ्यासून तो कामाच्या संदर्भात मांडला, तेव्हा त्यांना म्हणायचं होतं ते असं: माणूस स्वतःला कामात कधी ओततो आणि कधी आखडतं घेतो. त्यांनी तीन अटी सांगितल्या. काम अर्थपूर्ण वाटणं. आपलं मत मांडलं तर अंगाशी येणार नाही एवढी सुरक्षितता. आणि कामाला देण्याइतकं आपल्यात काही शिल्लक असणं. तुमचं यातलं नेमकं काय संपलंय, हे पत्रावरून कळत नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी दोन मिनिटं या तिन्हींपुढे फक्त बरं किंवा वाईट लिहा. चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

शिल्लकच नसेल, तर अर्थ शोधायला जाऊ नका, आधी रजा घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन आहे: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला ताण, आणि त्याची तीन लक्षणं, म्हणजे गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीशी निगडित अवस्था म्हटलंय. पण सुटीतही झोप येत नसेल, भूक मेली असेल, घरच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर प्रश्न कामापुरता राहिलेला नाही. मग डॉक्टरांना भेटा, आणि करिअरचे निर्णय त्यानंतर.

तुमच्या बाबतीत आमची शंका अर्थावर आहे. हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७० च्या दशकात कामातल्या पाच गोष्टी मोजायला सुचवलं होतं: वेगवेगळी कौशल्यं लागणं, काम अथपासून इतिपर्यंत आपलं असणं, त्याचा कुणावर तरी परिणाम होणं, ते आपल्या पद्धतीने करता येणं, आणि ते जमलं की नाही हे कामातूनच कळणं. मासिक अहवाल करणाऱ्याला यातली शेवटची गोष्ट जवळजवळ कधीच मिळत नाही. मेल गेला की संपलं. पुढे त्या आकड्यांचं काय झालं कुणी सांगत नाही. फक्त चूक झाली की फोन येतो.

यावर एक नेमकी कृती आहे. अहवाल ज्यांना जातो त्यातल्या तिघांकडे प्रत्येकी २० मिनिटं मागा आणि विचारा: 'यातलं कुठलं पान तुम्ही उघडता? ते बघून काय ठरवता? कुठला आकडा तुम्हाला स्वतः पुन्हा काढावा लागतो?' काही पानं कुणीच उघडत नाही असं निघण्याची शक्यता दाट आहे. ती मॅनेजरांना विचारून बंद करा. आणि तिघंही जो आकडा स्वतः पुन्हा काढतात, ती तुमच्या पुढच्या ग्रेडच्या कामाची सुरुवात. यात कामाचा अर्थही सापडतो आणि तुमचं काम पाहिलेली तीन माणसंही.

सर्व्हे. आधी त्याच्या प्रस्तावनेत 'अनामिक' लिहिलंय की 'गोपनीय', ते वाचा. अनामिक म्हणजे कुणी भरलं हे कुणालाच कळत नाही. गोपनीय म्हणजे सर्व्हे चालवणाऱ्याला कळतं, फक्त मॅनेजरला गटाचा एकत्रित निकाल दाखवतात. तुमच्या नावाने आलेली स्वतंत्र लिंक असेल तर तो गोपनीय प्रकार समजा. गट फार लहान असेल तर बहुतेक सर्व्हे त्याचे आकडे वेगळे दाखवत नाहीत. ती किमान संख्या किती, हे एचआरला बिनधास्त विचारता येतं. गुण देताना खरे द्या. सगळीकडे मधला पर्याय टिचकवलात तर तुमचं उत्तर असूनही नसल्यासारखं. खरा धोका मोकळ्या जागेत लिहिलेल्या मजकुरात असतो: सहा जणांच्या टीममध्ये 'मासिक अहवाल करणाऱ्यावर अन्याय होतो' असं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. तिथे व्यक्तीबद्दल न लिहिता पद्धतीबद्दल लिहा: 'प्रमोशनचे निकष ग्रेडनुसार लेखी मिळत नाहीत, आणि निर्णयानंतर काय कमी पडलं हे सांगितलं जात नाही.' या सर्व्हेने तुमचं प्रमोशन होणार नाही. पण निकाल टीमसमोर येतील तेव्हा 'यातली कुठली एक गोष्ट आपण बदलणार, कोण, कधीपर्यंत?' असं विचारायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

राहिली ऑफर. ती दाखवून इथे प्रमोशन मागायचा मोह होईल. जायची तयारी नसेल तर तसं करू नका. काउंटर ऑफरमध्ये, म्हणजे थांबवण्यासाठी जुनी कंपनी देते त्या ऑफरमध्ये, पैसे मिळतात. अहवाल, तीच खुर्ची आणि ते दोन प्रश्न जागच्या जागी राहतात, आणि वर 'या जाणार होत्या' ही नोंद डोक्यात बसते. नव्या कंपनीला चार गोष्टी विचारा. ही जागा का रिकामी झाली? आधीची व्यक्ती आता काय करते? ग्रेड कोणता आणि त्याचे निकष लेखी आहेत का? दहाव्या महिन्यात माझा दिवस कसा असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'महिन्याचा अहवाल' असं असेल, तर तुम्ही २० टक्क्यांत टेबल बदलताय; नाही म्हणा. उत्तरात वरच्या ग्रेडचं काम असेल आणि बाकीची तीन उत्तरं सरळ असतील, तर जा; इथल्या चार महिन्यांच्या खटाटोपाची गरज नाही. जातानाही ती पाच रकान्यांची टिपणं लिहून द्या, नोटिस पिरियड त्यातच सत्कारणी लागेल.

आणि थांबायचं ठरवलंत तर मुदत घालून थांबा. तीस दिवसांत तुमच्या मेलला लेखी होकार आणि नव्वद दिवसांत दोन विभागांमधलं ते काम प्रत्यक्ष हातात. यातलं एकही हुकलं, तर दुसरीकडे अर्ज सुरू करा, रागाने नाही, यादीतलं पुढचं काम म्हणून.

आज मात्र दोनच मेल टाका. एचआरला तारखेचा, ऑफरवाल्यांना त्या चार प्रश्नांचा. मॅनेजरांची ४५ मिनिटं याच आठवड्यात घ्या, म्हणजे त्यांचं उत्तर ऑफरच्या मुदतीआधी हातात असेल. सर्व्हे गुरुवारी भरा, बैठकीच्या दिवशी नको. बैठकीनंतरच्या तासाभरात लिहिलेलं बहुतेक वेळा पद्धतीबद्दल राहत नाही.